दोन पिंगळे : एक अंगणातला, एक रानातला

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. २०२० सालापासून ही प्रथा सुरू झाली. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी म्हणून ओळखले जाणारे मारुती चितमपल्ली ह्यांचा जन्मदिवस, आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली ह्यांचा. ह्या निमित्ताने पक्ष्यांवर दोन शब्द बोलावेत असे मला सुचविण्यात आले. पक्षी म्हटले की आपल्याला मोर आठवतो, पोपट आठवतो, कोकिळा आठवते. मी मात्र आपणांसमोर असा एक पक्षी ठेवणार आहे, ज्याचे नाव कानी पडताच आपल्या घरातली वडीलधारी माणसे "तौबा, तौबा" म्हणतात. तो म्हणजे पिंगळा, अर्थात लहान घुबड.

पिंगळे आपल्या मुलखात दोन प्रकारचे आहेत. एक आपल्या धामणगाव बढ्यात, आपल्या लिंबाच्या झाडावर, मस्जिदीच्या जुन्या भिंतीत आणि कब्रस्तानातल्या चिंचेवर राहतो. दुसरा पूर्णा ओलांडून उत्तरेला गेले की जो सातपुडा लागतो, त्या डोंगररांगेत राहतो. दोघे आकाराने जवळजवळ सारखे, रंगाने सारखे, डोळ्यांनी सारखे. पण पहिला सबंध हिंदुस्थानात गावोगाव आहे, आणि दुसरा जगातून नाहीसा झाला असे ११३ वर्षे मानले जात होते. दिसायला भावाभावांसारखे असलेल्या ह्या दोन पाखरांच्या नशिबात एवढा फरक का पडला, हा आजचा आपला प्रश्न आहे.

प्रथम आपल्या शेजाऱ्याची ओळख करून घेऊ. ह्याला पक्षीशास्त्रात ठिपकेवाला पिंगळा म्हणतात. लांबी सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीपेक्षा थोडा आखूड, पण अंगाने गोलमटोल. पाठ करड्या-तपकिरी रंगाची, तिच्यावर आणि डोक्यावर पांढरे ठिपके विखुरलेले. डोळे पिवळेजर्द. भुवया पांढऱ्या. माणूस जवळ आला की हा मान खाली-वर करतो आणि डोळे रोखून पाहत राहतो. जणू परीक्षेतला पर्यवेक्षकच! दिवसा झाडाच्या ढोलीत किंवा दाट पानांत जोडीजोडीने बसतो, संध्याकाळी बाहेर पडतो. त्याचा "चिर्र-चिर्र, चिवक-चिवक" असा कर्कश कलकलाट आपण सर्वांनी ऐकलेला आहे. रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे जमतात तिथे खांबावर बसून तो त्यांच्यावर झडप घालतो.

त्याचे खाणे काय? भुंगेरे, नाकतोडे, रातकिडे, पाली, सरडे आणि उंदीर. म्हणजे कपाशी, मका, तूर आणि सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा हा बिनपगारी राखणदारच म्हटला पाहिजे. विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. झाडाची ढोली असेल तर ढोलीत, नसेल तर पडक्या वाड्याच्या भिंतीतल्या भोकात, मिळेल त्या जागी मादी तीन-चार अंडी घालते. ह्या "मिळेल त्या जागी" हे शब्द आपण लक्षात ठेवावेत, कारण पुढे ह्याच शब्दांपाशी आपल्याला परत यावयाचे आहे.

आता दुसरा. ह्याला मराठीत रानपिंगळा किंवा वनपिंगळा म्हणतात. लांबी सुमारे २३ सेंटिमीटर. पहिल्यापेक्षा थोडा मोठा, डोके थोराड, चोच जाड, पंजे दणकट. पण वर्गात जुळी मुले असली की शिक्षक जशी एखादी खूण धरून ठेवतात, तशा खुणा इथेही धरल्या पाहिजेत. पहिली खूण डोक्याची : ठिपकेवाल्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचे डोके आणि पाठ जवळजवळ साधी असते. दुसरी खूण छातीची : रानपिंगळ्याची छाती वरच्या बाजूला गडद तपकिरी असते आणि खाली पोट मधोमध स्वच्छ पांढरे असते. तिसरी खूण शेपटीची आणि पंखांची : त्यांवर रुंद, ठळक पांढरे पट्टे असतात. चौथी खूण वागण्याची : हा घुबड असूनही दिवसाचा पक्षी आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, आणि खाली जमिनीवर पाल-सरडा हलला की झेप घेतो. पाली, सापसुरळ्या आणि सरडे हे त्याचे मुख्य अन्न. त्याशिवाय उंदीर, बेडूक आणि किडे. त्याची मादी मात्र साधारणपणे दोनच अंडी घालते आणि तीही सातपुड्यातल्या सागवानी, पानगळीच्या रानातल्या जुन्या झाडाच्या ढोलीत.

ह्या रानपिंगळ्याची हकीकत मोठी आश्चर्यकारक आहे. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात हा पक्षी प्रथम मिळाला. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ब्लेविटच्याच नावावरून त्याला नाव दिले. हे ह्यूम म्हणजे तेच, ज्यांनी पुढे १८८५ साली राष्ट्रसभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. इतिहासाच्या पुस्तकात आपण त्यांचे नाव पाठ करतो, पण ते हिंदुस्थानी पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते हे फारसे कुणी सांगत नाही. १८७७ साली व्हॅलेंटाईन बॉल ह्या भूगर्भशास्त्रज्ञाला आजच्या ओडिशात एक रानपिंगळा मिळाला. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन ह्या सनदी अधिकाऱ्याने आपल्या शेजारच्या खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, आणखी काही गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी खात्रीने कुणाला दिसला नाही. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेले अवघे सात नमुने, एवढीच काय ती त्याची निशाणी उरली.

विसाव्या शतकात त्याचा शोध घेण्याचे प्रयत्न झाले. स्वतः डॉ. सालिम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डॉ. डिलन रिप्ले ह्यांनी तो शोधला, पण पक्षी हाती लागला नाही. मधल्या काळात रानपिंगळ्याची म्हणून दाखविली गेलेली छायाचित्रेही नीट पाहता साध्या पिंगळ्याचीच निघाली. शेवटी हा पक्षी संपला, असेच बहुतेकांनी धरून चालले.

ह्या शोधाला एक खोटी चिठ्ठी आडवी आली होती. त्या सात नमुन्यांपैकी एकावर चिठ्ठी होती की, हा पक्षी १९१४ साली गुजरातमध्ये तापीकाठच्या मांडवी येथे मिळाला. चिठ्ठी लिहिणारा होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन, ब्रिटिश सैन्यातला बडा अधिकारी आणि त्या काळचा नामांकित पक्षीसंग्राहक. १९३७ साली अफगाणिस्तानच्या पक्षी-मोहिमेत तो सालिम अलींबरोबर होता. अशा माणसाच्या शब्दावर कोण शंका घेणार? १९१४ सालची ही नोंद सर्वांत अलीकडची, म्हणून शोध घेणाऱ्यांनी मांडवीला महत्त्व देणे स्वाभाविक होते. पण तिथे हा पक्षी मिळण्याला त्या चिठ्ठीखेरीज दुसरा आधारच नव्हता.

हे उलगडले ते पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन संशोधिकेमुळे. त्यांनी सहकारी नायजेल कॉलर ह्यांच्यासह तो नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरणांनी आतले भरण पाहिले, टाके पाहिले, धागे तपासले. पक्ष्याचे कातडे भरण्याची प्रत्येकाची एक धाटणी असते, जसे प्रत्येक शिंप्याच्या हाताचे टाके वेगळे. वरवरची नवी शिवण बाजूला केली तर आतून धाटणी निघाली डेव्हिडसनची! म्हणजे खानदेशात एकोणिसाव्या शतकात डेव्हिडसनने गोळा केलेला पक्षी कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून लांबविला होता, पुन्हा भरला होता आणि त्यावर खोटे गाव व खोटी तारीख लिहिली होती. हा निष्कर्ष १९९९ साली शास्त्रीय नियतकालिकातून सविस्तर प्रसिद्ध झाला. त्यांच्या संग्रहातील इतर अनेक पक्ष्यांच्या चिठ्ठ्याही अशाच बनावट ठरल्या.

मित्रहो, इथे क्षणभर थांबू. आपल्या दीनी मदरशांत शिकविणाऱ्या बुजुर्गांना ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. हदीस स्वीकारताना इमाम बुखारींसारख्या विद्वानांनी काय केले? केवळ मजकूर पाहिला नाही. त्यांनी सनद पाहिली, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी पाहिली. हे कुणी कुणाकडून ऐकले, दोघांची भेट झाली होती का, सांगणारा सचोटीचा होता का, त्याची स्मरणशक्ती चांगली होती का, हे एकेका दुव्यासाठी तपासले. साखळीतला एक माणूस खोटारडा निघाला की त्याच्या आधारावरची रिवायत बाजूला ठेवली, मग तो कितीही मोठा असो. रासमुसेनबाईंनी पिंगळ्याच्या चिठ्ठीबाबत हेच केले. कर्नलच्या हुद्द्याला भुलल्या नाहीत. कोण, कुठे, केव्हा आणि कुणाच्या हातून, हे त्यांनी विचारले. इल्म मग ते दीनाचे असो की दुनियेचे, ते सचोटीच्या नोंदीवरच उभे राहते.

खोटी चिठ्ठी बाद केल्यावर खऱ्या चिठ्ठ्या उरल्या. त्यांवरच्या गावांचा माग काढीत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ साली हिंदुस्थानात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी फिरले. तिथे काहीच मिळाले नाही. मग ते डेव्हिडसनच्या खानदेशाकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, निष्पर्ण झाडावर एक पिंगळा बसलेला त्यांना दिसला. डोके साधे, छाती गडद, पोट पांढरे, शेपटीवर ठळक पट्टे. ११३ वर्षांनंतर रानपिंगळा आपल्या महाराष्ट्रात, आपल्या शेजारच्या मुलखात जिवंत मिळाला!

आणि मुलींनो, पुढचे जरा लक्ष देऊन वाचा. पक्षी सापडल्यावर तो आणखी कुठे आहे, किती आहे, काय खातो, कसा राहतो हे शोधण्याचे काम होतेच. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे ते काम ज्यांनी अंगावर घेतले त्या होत्या फराह इश्तियाक, आणि मार्गदर्शन होते त्या वेळचे संस्थेचे संचालक डॉ. असद रहमानी ह्यांचे. एका मुस्लिम तरुण संशोधिकेने तळोद्याच्या, तोरणमाळच्या आणि मेळघाटच्या रानांत पायपीट करून ह्या पक्ष्याची माहिती जमविली. पुढे गिरीश जठार, प्राची मेहता आणि इतर संशोधकांनी हे काम वाढविले. मुलीला विज्ञान शाखेत घालू की नको, असा विचार करीत बसलेल्या पालकांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

आज रानपिंगळा कुठे आहे? नंदुरबार जिल्ह्यातल्या रानांत, जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात, मेळघाटात, मध्य प्रदेशातल्या खंडवा आणि बऱ्हाणपूर जिल्ह्यांत तो आढळला आहे. २०१४ साली तर ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही तो दिसला. मेळघाट आपल्याला परका नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. अर्थात सातपुड्याचे हे रान आपल्याही पदरात टाकलेली अमानत आहे.

पक्षी किंवा प्राणी किती धोक्यात आहे हे ठरविण्यासाठी निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाची एक लाल यादी असते. ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. ह्या यादीत जणू गुणपत्रिकेतल्या श्रेणीच असतात. चिंता नसलेली जात, संकटाच्या जवळ आलेली जात, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त आणि शेवटी नामशेष. ठिपकेवाला पिंगळा ह्या यादीत सर्वांत निश्चिंत श्रेणीत आहे. त्याचा मुलूख इराणपासून हिंदुस्थान ओलांडून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला आहे. रानपिंगळा मात्र आधी अतिसंकटग्रस्त श्रेणीत होता आणि २०१८ साली तो संकटग्रस्त श्रेणीत आला. सबंध जगात प्रौढ रानपिंगळ्यांची संख्या १,००० च्या आतच असावी असा अंदाज आहे. आपल्या गावातल्या एखाद्या मोहल्ल्यात जेवढी माणसे राहतात, तेवढीसुद्धा ही पाखरे सबंध पृथ्वीवर नाहीत!

श्रेणी एक पायरीने सुधारली ह्याचा अर्थ पक्षी वाढले असा घेऊ नये. शोधणारे वाढले, नव्या जागा कळल्या, म्हणून अंदाज बदलला. एखादा विद्यार्थी वर्गात रोज हजर असतो पण हजेरीत त्याचे नावच नसते. नाव लिहिले म्हणजे पटसंख्या वाढली, मुले वाढली नाहीत. तसेच हे आहे. त्याचे रान मात्र कमीच होत आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. एक पिंगळा टिकला आणि दुसरा का संकटात आला? ह्याची कारणे मला तीन दिसतात.

पहिले कारण घराचे. ठिपकेवाला मिळेल त्या जागी संसार थाटतो. ढोली नसली तर भिंतीचे भोक चालते, जंगल नसले तर शेत चालते, शेत नसले तर गाव चालते. रानपिंगळ्याला पानगळीचे विरळ, उन्हाचे रान हवे आणि त्यात ढोल्या असलेली जुनी झाडे हवीत. झाडाला ढोली पडायला कित्येक वर्षे लागतात. तोडणारा मात्र पोकळ झाडाला निरुपयोगी समजून ते आधी तोडतो. सरपणासाठी आणि शेतीसाठी रान मोकळे झाले की रानपिंगळ्याला जागा उरत नाही, आणि त्या मोकळ्या शेतशिवारात पाय रोवतो तो ठिपकेवाला.

दुसरे कारण पिलांचे. एकीकडे तीन-चार अंडी, दुसरीकडे दोन. मोठे कुटुंब संकटातून लवकर सावरते, लहान कुटुंबाचे एक पिलू गेले तरी निम्मे घर रिकामे होते. त्यात मोहाची फुले आणि तेंदूपाने गोळा करण्यासाठी रानात आगी लावल्या जातात. त्या आगीत जमिनीवरच्या सापसुरळ्या, किडे आणि उंदीर जळतात, म्हणजे रानपिंगळ्याच्या ताटातले अन्न जळते.

तिसरे कारण विखुरण्याचे. रानपिंगळ्याची रानेच बेटांसारखी तुटक झाली आहेत. एका रानातला पक्षी दुसऱ्या रानापर्यंत पोहोचला नाही, तर एखाद्या रानात आग, तोड किंवा धरण आले म्हणजे तिथली सगळी वस्ती एकदम संपते. तिची जागा भरून काढायला दुसरीकडून कुणी येत नाही.

इथपर्यंत दोघांचे नशीब वेगळे होते. पण एका बाबतीत दोघेही सारखेच दुर्दैवी आहेत. दोघेही घुबड आहेत, आणि घुबडाला माणसाने अपशकुनी ठरवून टाकले आहे. आपल्या महाराष्ट्रात पिंगळा ह्या पक्ष्याच्या बोलण्यावरून भविष्य सांगणारा पिंगळा जोशी पहाटे कंदील घेऊन दारोदार येत असे. संत एकनाथांच्या भारुडातही तो आला आहे. ती लोककला म्हणून ठीक. पण त्याच समजुतीचे दुसरे टोक भयंकर आहे. जादूटोण्यासाठी घुबडे पकडली जातात, विकली जातात, मारली जातात. २०१० साली अब्रार अहमद ह्यांनी ह्या चोरट्या व्यापाराचा अभ्यास करून अहवाल प्रसिद्ध केला. हिंदुस्थानात आढळणाऱ्या सुमारे ३० घुबडांच्या जातींपैकी निम्म्या जाती ह्या बाजारात सापडल्या, आणि त्यांत आपला अंगणातला पिंगळाही होता. भोंदू बाबा आणि त्यांचे गिऱ्हाईक सर्व समाजांत आहेत. ताविज-गंडे विकणारे आपल्यातही आहेत हे कबूल करावयास हवे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे कोणतेही घुबड पकडणे, मारणे किंवा विकणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

आपल्या दीनाने तर हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे. जाहिलियतच्या काळात अरबांची समजूत होती की, खून झालेल्या माणसाचा आत्मा घुबड होऊन बदला घेण्यासाठी ओरडत फिरतो. घरावर घुबड बसले तर कुणीतरी मरणार. ह्याला ते "हामा" म्हणत. हुजूर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम ह्यांनी शकुन-अपशकुनाबरोबर ह्या हामाच्या कल्पनेलाही काही अर्थ नाही असे स्पष्ट सांगितल्याचे सहीह हदीसमध्ये आले आहे. मग आपल्या घराच्या मुंडेरीवर पिंगळा बोलला म्हणून त्याला दगड मारणारा माणूस कोणत्या शिकवणीवर चालतो आहे? तो तर त्या पाखराचा गुन्हेगार आहेच, पण नकळत जाहिलियतचा पाईकही झाला आहे. कुराणशरीफात सूरह अनआममध्ये जमिनीवर चालणारे जीव आणि पंखांनी उडणारे पक्षी ह्यांना माणसांसारख्याच उम्मती म्हटले आहे. एका सफरीत कुणीतरी पाखराची पिल्ले उचलली आणि त्यांची आई वर घिरट्या घालू लागली, तेव्हा पिल्ले परत ठेवायला लावल्याची हकीकतही आपण ऐकलेली आहे.

आता कुणी म्हणेल, "सर, सातपुडा वनखात्याचा. आम्ही धामणगावात बसून काय करणार?" करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

पालकांना विनंती अशी की, आपले कब्रस्तान, ईदगाह आणि दर्ग्याच्या आवारातली जुनी लिंबे, चिंचा, वड, पिंपळ ही झाडे पोकळ झाली म्हणून तोडू नयेत. त्या ढोल्या म्हणजे पिंगळ्यांची घरे आहेत. झाड पडून माणसाला धोका असेल तर तेवढीच फांदी उतरवावी. शेतात उंदरांसाठी विष ठेवताना दहा वेळा विचार करावा, कारण विष खाल्लेला उंदीर पिंगळ्याने खाल्ला तर तोही मरू शकतो, आणि मग उंदरांना रान मोकळेच. घरात मुलाला "उल्लू" म्हणून शिवी देण्याचे तेवढे थांबवावे. त्यात मुलाचाही अपमान आहे आणि उल्लूचाही!

विद्यार्थ्यांना सांगणे असे की, गुलेर खिशात ठेवून रानात जाऊ नका, वही घेऊन जा. आपल्या आळीत पिंगळे किती, कोणत्या झाडावर, किती पिल्ले, कोणत्या तारखेला, हे लिहा. जेवढे पाहिले तेवढेच लिहा. ठिपके दिसले नाहीत तर "ठिपके दिसले नाहीत" असे लिहा, "रानपिंगळा दिसला" असे लिहू नका. वर्षभर नीट लिहिलेली अशी वही ही गावाची ठेव आहे. पन्नास वर्षांनी कुणीतरी ती उघडील आणि तिच्यावर विश्वास ठेवील. ब्लेविट, बॉल आणि डेव्हिडसन ह्यांच्या खऱ्या चिठ्ठ्यांनी ११३ वर्षांनी एक पक्षी परत मिळवून दिला. कर्नलच्या एका खोट्या चिठ्ठीने त्याच पक्ष्याच्या शोधाला चुकीची वाट दाखविली. प्रयोगवहीत शेजाऱ्याचे आकडे उतरवून घेणाऱ्या मुलांनी ह्याचा विचार करावा. मार्क मिळतील, पण सनद तुटेल.

डॉ. सालिम अलींचेच पाहा. लहानपणीच आई-वडील गेले, मामांनी वाढविले. एक पिवळ्या गळ्याची चिमणी हाती आली, तिचे नाव माहीत नव्हते, म्हणून ते विचारायला मुंबईच्या त्या सोसायटीत गेले. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून नोकरीत अडचणी आल्या. पण पाहणे आणि खरे लिहिणे ह्या दोन गोष्टी त्यांनी जन्मभर सोडल्या नाहीत. १९७६ साली देशाने त्यांना पद्मविभूषण दिले. १९८७ साली ते गेले, त्याच्या दहाच वर्षांनी त्यांना न सापडलेला रानपिंगळा सापडला. चांगला अभ्यासक गेला तरी त्याचा प्रश्न मागे राहतो, आणि कुणीतरी पुढे येऊन तो सोडवतो.

सारांश एवढाच की, आपला अंगणातला पिंगळा आज पुष्कळ आहे, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. रानातला थोडा उरला आहे, म्हणून जगभरचे लोक त्याला पाहायला येतात. पण जो अंगणातला नीट ओळखत नाही, त्याला रानातलाही ओळखता येणार नाही, कारण दोघांमध्ये फरक आहे तो डोक्यावरच्या चार ठिपक्यांचा. आधी आपल्या लिंबावरच्या पिंगळ्याची ओळख होऊ द्या. मग कधी शाळेची सहल मेळघाटला गेली आणि सकाळच्या उन्हात एखाद्या वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर साध्या डोक्याचा पिंगळा बसलेला दिसला, तर आपल्यातल्याच एखाद्या मुलीने किंवा मुलाने बोट दाखवून खात्रीने सांगावे, "सर, हा तो नव्हे, हा दुसरा." तेवढी नजर आमच्या शाळेने दिली तर शिक्षक म्हणून मी अल्लाहचे आभार मानीन.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.